न हलवायचा दगड

"परसातल्या दगडाला हात लावायचा नाय. आणि का ते विचारायचं नाय."

हा नियम सदफला ती चालायला लागली तेव्हा सांगण्यात आला. (चालायला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी तिला त्या दगडाची ठेच लागली होती, म्हणून.) कडावच्या त्या घरात नियम पुष्कळ होते, पण बाकीच्या नियमांत रडून, रुसून किंवा अम्मीला मध्ये घालून थोडीफार सूट मिळायची. दगडाच्या बाबतीत सूट नव्हती. मागच्या दारातून निघालं की अब्बांच्या सिमेंटच्या गोडाऊनकडे उतरत जाणारी पायवाट लागे, आणि त्या वाटेच्या मधोमध, आडवा, जरासा तिरका, अर्धा जमिनीत रुतलेला तो काळा दगड. घरातल्या प्रत्येकाच्या अंगठ्याने त्याला निदान एकदा तरी सलाम केला होता. साठ वर्षं माणसं लंगडत होती, पण दगड जागचा हलला नव्हता.

कुणाला खोदून विचारलंच तर उत्तर मिळायचं, फक्त दोन माणसांची उत्तरं कधी जुळत नसत. दादी, म्हणजे बदरुन्निसा, डोळे मोठे करून सांगायची, "खाली जनावर हाय." झुहेबचाचांचं चौकला गॅरेज होतं आणि दर शनिवारी ते फक्त मतं द्यायला कडावला येत. ते म्हणत, खाली जुनी विहीर आहे, दगड हलला की अख्खं घर आत. अब्बा, म्हणजे झाकीरभाई, आपल्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाला एका स्क्रूबद्दल वीस मिनिटं समजावून सांगत, पण इथे त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, "तुझ्या आजोबांनी सांगितलंय ना? मग झालं." आणि अम्मी म्हणे, "मला नको विचारू. मी या घरात लग्न होऊन आले."

सदफ आता बावीस वर्षांची होती. कर्जतच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. 'का' हा शब्द उच्चारल्याशिवाय तिला सकाळचा चहा उतरत नसे. घरातल्या मोठ्यांबद्दल तिचं मत ठाम होतं: यांच्याकडे नियम भरपूर आहेत, कारण एकाचंही नाही. (मोठ्यांचंही तिच्याबद्दल मत ठाम होतं. ते इथे न दिलेलं बरं.)

सगळं सुरू झालं ते दोन शब्दांनी. कर्जतच्या रोहिदास सरांचं 'पाऊलवाट मंडळ' होतं. डोंगरातल्या जुन्या पायवाटा पावसाने खरवडून निघाल्या की हे लोक नोव्हेंबरपासून दर रविवारी जाऊन त्या दुरुस्त करत. व्हॉट्सॲपवर मेसेज आला: या रविवारी मंगळीच्या वाडीची वाट. वाडीतली मुलं याच वाटेने शाळेला उतरतात, ट्रेकवाले याच वाटेने वर जातात. नवीन मंडळींनी नावं द्यावीत. सदफने खाली लिहिलं, "मी येणार."

रात्रीच्या जेवणात तिने हे जाहीर केलं तेव्हा अब्बांचा घास हातातच राहिला.

"काय करनार तिथे?"

"दगड उचलायचे, पायऱ्या बसवायच्या, झुडपं तोडायची."

"परवा दुकानात सिमेंटचं पोतं जरा सरकव म्हटलं तर तुझी कंबर धरली होती. आणि आता डोंगरावर जाऊन फुकट दगड उचलनार?"

"ते समाजकार्य आहे, अब्बा."

"मग माझं पोतं काय हाय? तेपन समाजाच्याच घराला लागतं."

बरीच घासाघीस झाल्यावर अब्बांनी अट घातली. रविवारपर्यंत घरात तिच्या नावाची एकही तक्रार आली नाही, तर जा. एक जरी आली तरी रविवार रद्द. सदफने अट झटकन मान्य केली. तेव्हा मंगळवार होता. चार दिवस तक्रार येऊ न देणं म्हणजे काय मोठंसं! (बावीस वर्षांत तिला ते सलग दोन दिवस जमलेलं नव्हतं, पण हा हिशेब त्या वेळी कुणाला सुचला नाही.)

आणि ती तयारीला लागली. बुधवारी तिचे ऑनलाइन मागवलेले ट्रेकिंगचे बूट आले. भगव्या रंगाचे, घोट्याच्या वर जाणारे, वॉटरप्रूफ, आणि तळ इतका जाड की खाली काटा आहे की कालवा, पायाला पत्ता लागू नये. नवे बूट पायाला सवयीचे व्हावेत म्हणून ती ते घालून घरभर फिरू लागली. दादी खाटेवरून बघत होती.

"सदफ, ते काय घातलंस गं?"

"बूट आहेत, दादी."

"मला वाटलं, पायाला दोन टेंपो बांधलेस."

गुरुवारी रोहिदास सरांनी पीडीएफ पाठवली. सतरा पानी. सदफने ती दोनदा वाचली, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या आणि अम्मीला पोळ्या लाटताना मोठ्याने वाचून दाखवली. तिचं सगळ्यांत आवडतं पान चौथं होतं. "वाटेवरून पाणी सरळ वाहिलं की वाट वाहून जाते. म्हणून उतारावर जागोजागी मोठा दगड आडवा, जरा तिरका, अर्धा जमिनीत पुरून बसवावा. त्याला अडून पाणी बाजूला निघून जातं." खाली चित्रसुद्धा होतं.

"बघ अम्मी, किती साधी गोष्ट आहे. पण आपल्याकडे हा विचार कुणी करतच नाही."

"हां," अम्मी म्हणाली. "जरा तवा बघ."

शेवटच्या पानावर सूचना होती: नवीन मंडळींनी येण्याआधी घरच्या घरी एखादा मोठा दगड पहारीने हलवून पाहावा. अंदाज येतो.

सदफने खिडकीतून परसात पाहिलं. तिथे एक मोठा दगड होता. आडवा, जरा तिरका, अर्धा जमिनीत पुरलेला. अगदी चित्रातल्यासारखा. सरावाला याहून चांगला दगड सगळ्या रायगड जिल्ह्यात मिळाला नसता.

(चित्र आणि दगड एकाच वेळी डोळ्यांसमोर असूनही तिच्या डोक्यात दिवा कसा लागला नाही, हे तिने पुढे स्वतःलाच पुष्कळदा विचारलं. त्या 'का'चं उत्तर तिला अजून मिळालेलं नाही.)

शुक्रवारी दुपारी अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले, दादी आडवी झाली, अम्मी शेजारी गेली. सदफने दुकानातली पहार आणली, बूट चढवले, हातमोजे चढवले, डोक्याला बॅटरीसुद्धा बांधली. (भर दुपारी. पण यादीत होती.) आणि साठ वर्षांचा नियम तिने उपटायला घेतला.

दगड काही सहजासहजी निघाला नाही. पहार घुसवली की तो जरा उसासा टाके आणि परत बसे. तासाभराने, तळहाताला दोन फोड आल्यावर, त्याने एकदाची मान टाकली. सदफने श्वास रोखून खड्ड्यात डोकावून पाहिलं. जनावर नव्हतं. विहीर नव्हती. दोन गांडुळं होती आणि तिच्या लहानपणी हरवलेली एक निळी गोटी.

"हे!" ती मोठ्याने म्हणाली. "हे यांचं जनावर!"

खरं म्हणजे दगड परत बसवायचा, असा बेत होता. पण दगड आता खड्ड्याच्या मापाचा राहिला नव्हता, किंवा खड्डा दगडाच्या. मग तिने विचार केला, नाहीतरी ठेच लागण्यापलीकडे याचा उपयोग काय? तिने तो ढकलत ढकलत कुंपणाच्या कडेला नेला, खड्डा मातीने भरला, बुटांनी चोपला आणि दारापासून गोडाऊनपर्यंतची सगळी वाट अशी गुळगुळीत करून टाकली की बघत राहावं. आपण आयुष्यात दुरुस्त केलेली ही पहिली वाट, असं वाटून तिने त्या वाटेचा फोटोही काढला.

कडावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, सकाळी साडेसहाला. शनिवारी ते आलं. गच्चीवरची टाकी भरली. अम्मी पोह्यांत होती, अब्बा दाढीत होते, आणि नेहमीप्रमाणे टाकी वाहू लागली. हे जादा पाणी पाइपातून मागच्या दाराशी पडायचं आणि तिथून दादीच्या केळी-अळूकडे वळून जायचं. का वळायचं, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. पाणी आपलं वळायचं.

त्या दिवशी ते वळलं नाही. सदफने केलेली सुंदर, गुळगुळीत, विनाअडथळा वाट त्याला दिसली आणि ते तिच्यावरून ऐटीत चालत सरळ गोडाऊनमध्ये गेलं. जाताना दादीच्या रबरी चपला सोबत घेऊन गेलं.

पहिली हाक दादीची. "माझ्या चपला कुठं चालल्या?"

दुसरी अब्बांची. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल मोकळा. "या अल्ला! पोती!"

खालच्या थरातली चार पोती भिजली होती. अब्बा आणि अम्मी वरची पोती ओढून बाहेर काढेपर्यंत झुहेबचाचाही चौकहून येऊन पोचले. त्यांनी मदत करण्याआधी पाहणी केली. परसात फिरता फिरता ते थबकले.

"झाकीर! दगड?"

सगळे धावत आले. वाटेत दगड नव्हता. दादीने छातीवर हात ठेवला.

"चालत गेला," चाचा कुजबुजले. "साठ वर्षं एका जागी होता, आणि आज स्वतःच्या पायाने कुंपणाला जाऊन बसला. झाकीर, ह्यात काहीतरी इशारा हाय."

"जनावर जागं झालं," दादी म्हणाली.

"मी तुला सांगत होतो, विहीर—"

सदफ दारात उभी होती. खरं सांगायचं तर तिला नुसतं गप्प राहायचं होतं. दगड आपोआप चालत गेल्याचं दोन वडीलधारी माणसं शपथेवर सांगायला तयार होती. तक्रार दगडाच्या नावावर गेली असती आणि रविवार सुरक्षित राहिला असता. पण एक बी.एस्सी. झालेली मुलगी, आणि समोर दगड चालल्याची चर्चा! तिला ते सहन होईना.

"दगड चालत नसतात, चाचा. मी काढला. पहारीने."

मग जे व्हायचं ते झालं. अब्बांनी उरलेली दाढी तशीच ठेवून निकाल दिला. "रविवार रद्द."

"पण अब्बा—"

"अट काय होती?"

"निदान तो दगड तिथे का होता, ते तरी सांगा! एकाने तरी सांगा!"

"बुजुर्गांनी नाय सांगितलं म्हंजे नाय. का ते विचारायचं नाय."

"कारण तुम्हाला माहीतच नाही!" असं म्हणून सदफ पाय आपटायला गेली. ओल्या मातीत पाय आपटल्याचा आवाज फारसा होत नाही.

अकराच्या सुमाराला मंगळी आली. डोंगरावरच्या वाडीतली ही बाई आठवड्यातून दोनदा करांद्यांची, म्हणजे रानकंदांची, टोपली घेऊन कडावात उतरायची, आणि मंडळाच्या कामावर खरी मुकादम तीच होती. रोहिदास सर पीडीएफ करत, पण कुठला दगड कुठे बसणार ते मंगळी ठरवायची. ती सदफला रविवारची वेळ सांगायला मागच्या दाराने आली आणि वाटेतच थांबली. वरचा पाइप पाहिला, उतार पाहिला, कुंपणाशी पडलेला दगड पाहिला.

"ह्यो कोनी काढला गं?"

"मी," सदफ म्हणाली. "सरावाला."

"कसला सराव?"

"पाणी अडवायचा दगड बसवायचा."

मंगळीने टोपली खाली ठेवली. पदर तोंडाला लावला. मग तिच्याने राहवेना. "अगं बाये, ह्योच तर तो दगड! पानी वळवायला घातलाय कोनीतरी. आमच्या वाटेवर असे बावीस हायत. ते निघालेत म्हनून तर उद्या बसवायचेत. आनि तू बसलेला काढलास व्हय?"

सदफच्या डोळ्यांसमोर चौथं पान उभं राहिलं. चित्रासकट. पिवळ्या ओळींसकट.

दादी हळूच म्हणाली, "म्हंजे जनावर नाय?"

"कसलं जनावर? तुमच्या मालकांनी घातला आसंल. झ्याक घातला व्हता."

"मग सांगायचं की त्यांनी!"

"तुमी इचारलं नाय?"

दादीने सुस्कारा टाकला. "त्यांना बोलायचा भारी कंटाळा गं. निकाहाला तीनदा कबूल म्हनायला लागलं, तर पुढे हप्ताभर गप्प होते. मला म्हनाले, दगडाला हात लावू नको. मी नाय लावला. साठ वर्षं वळसा घालून चालले."

मग मंगळीने पदर खोचला आणि सदफला हाताशी घेतलं. खड्डा आधी लांबट खणायचा. दगड आत रुतवायचा, नुसता टेकवायचा नाही. उताराकडून केळीकडे तिरपा. फटीत लहान दगड ठोकायचे आणि शेवटी वर उभं राहून नाचून बघायचं. अर्ध्या तासात दगड बसला. सदफने वरून दोन बादल्या ओतल्या. पाणी आलं, दगडाला टेकलं, जरा विचार केल्यासारखं थांबलं आणि मुकाट्याने केळीकडे वळलं. तिला इतका आनंद झाला की तिसरी बादली तिने उगाचच ओतली.

"हात बरा हाय पोरीचा," मंगळी अब्बांना म्हणाली.

अब्बांनी नुसतं हूं केलं. सदफने त्या हूंचा अर्थ 'नाही' असा घेतला, आणि दोन वाजता ती वरच्या खोलीत जाऊन, कानात हेडफोन घालून, भाषण लिहायला बसली. नुसतं भांडून या घरात काही होत नाही. आज मुद्दे मांडायचे. मोबाइलवर एकूण अकरा मुद्दे झाले.

(त्यामुळे खाली काय घडलं ते तिला कळलंच नाही. मंगळी निघताना दादी म्हणाली, "घेऊन जा गं पोरीला उद्या. हितं ठेवली तर झुहेबची विहीर खनून काढील." अब्बा म्हणाले, "पहाटे टेंपोने सोडतो पायथ्याला. पहारपन नेऊ दे." अम्मी हे सांगायला दोनदा वर गेली, दोनदा दार वाजवलं, आणि हेडफोनला सांगून काय उपयोग म्हणून परत आली. भिजलेलं सिमेंट आज वापरलं तर सिमेंट, उद्या त्याचा दगड. तेव्हा अब्बांनी आणि चाचांनी त्या चार पोत्यांत रेती-खडी कालवून मागच्या दाराशी, कैक वर्षं राहून गेलेली, चांगली ऐसपैस पायरी घातली आणि थापीने आरशासारखी केली. चुकून कुणी पाय देऊ नये म्हणून अम्मीने दारात स्टूल आडवं ठेवलं.)

दिवेलागणीच्या वेळी मोठी मंडळी परसात खाटेवर चहा घेत बसली होती. सदफ खाली आली. पायात भगवे बूट होते. नजर मोबाइलवर, मुद्दा क्रमांक एकवर. दारात स्टूल लागलं. "या घरात प्रत्येक वाटेत काहीतरी आडवं असतंच," असं म्हणून तिने ते बाजूला केलं आणि दाराबाहेर येऊन ताठ उभी राहिली.

अब्बांचा कप तोंडाजवळ थांबला. "सदफ, तू—"

"आधी माझं ऐका, अब्बा."

"अगं पन तू जिथं—"

"मध्ये बोलायचं नाही. आज मी बोलणार. पहिला मुद्दा: दगड काढला ही माझी चूक. कबूल. पोती भिजली, कबूल. पण एका माणसाने, फक्त एका माणसाने, या घरात कधी कारण सांगितलं असतं, तर मी त्या दगडाला फुलासारखं जपलं असतं!"

"पोरी," दादी खाटेवरून अर्धवट उठत म्हणाली, "तिथं उभी राहू नको."

"का?"

"मी सांगते म्हनून. खाली उतर."

सदफचे डोळे चमकले. अकरा मुद्दे लिहूनही नसता आला इतका नेमका मुद्दा दादीने आयता तिच्या हातात दिला होता.

"बघा! बघा तुम्हीच! आत्तासुद्धा! इथे उभी राहू नको, पण का ते कुणी सांगणार नाही! बावीस वर्षं हेच ऐकतेय मी. नाही, दादी. आता नाही. कारण कळल्याशिवाय मी या घरातला एकही नियम पाळणार नाही. मी इथेच उभी राहणार. आणि उद्या जाणार. काय करायचं ते करा!"

झुहेबचाचांनी सांगायला तोंड उघडलं. अब्बांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. अम्मीने पदर डोळ्यांना लावला. दादीने एकदा नातीकडे, एकदा तिच्या बुटांकडे पाहिलं आणि परत खाटेवर टेकली. "रहा तर मग," ती म्हणाली.

आणि सगळे गप्प झाले.

इतकी शांतता त्या घरात सदफने कधी ऐकली नव्हती. अकरातले दहा मुद्दे बाकी होते, पण त्यांची गरजच उरली नाही. चार मोठी माणसं समोर बसली होती, माना खाली होत्या, नजर जमिनीकडे होती, चाचांचे तर खांदे हलत होते. जास्त झालं की काय, असं क्षणभर तिला वाटलंसुद्धा. पण नाही. त्यांना विचार करायला वेळ द्यायला हवा. तिने मोबाइल खिशात टाकला, वेणी मागे झटकली आणि आत जायला डौलात वळली.

सदफ वळली. बूट वळले नाहीत.